खाऱ्या पाण्याची आमची पहिली टाकी



मागच्या वेळी आम्ही शेंगाचटणीच्या पॅकिंगबद्दल बोललो होतो. आज माशांबद्दल बोलायचं आहे. खायच्या नव्हे, पाळायच्या माशांबद्दल. आणि तेही समुद्रातल्या. हसू नका. आम्ही म्हणजे माढा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. आमच्यातल्या चौघींनी आजवर समुद्र पाहिलेला नाही आणि खजिनदारबाई तर माळकरी. तरी सचिवताईंच्या पुढच्या खोलीत गेली दोन वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी चालू आहे. ती कशी बसवली, कुठं चुकलो आणि किती पैसे गेले हे विचारायला इतक्या जणी येतात, की एकदाच रेडिओवर सांगून टाकावं असं ठरलं.

सुरुवात झाली २०२३ साली. मुंबईत महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात आमच्या गटाला चटणी आणि कडक भाकरीचा स्टॉल मिळाला होता. एक दिवस सकाळी वेळ काढून आम्ही पाच जणी ऐरोलीला गेलो. तिथं ठाण्याच्या खाडीकाठी वन विभागाच्या कांदळवन प्रतिष्ठानाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. गेलो होतो रोहित पक्षी बघायला. पण तिथं कळलं, की लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीनं त्या ठिकाणी समुद्री शोभिवंत माशांची पिल्लं तयार करतात आणि ती वाढवायचं काम किनाऱ्यावरच्या गावांतल्या लोकांना शिकवतात. क्लाउन मासा म्हणतात त्याला. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, बोटाएवढा जीव. पोरांच्या सिनेमातला निमो तो हाच. वेंगुर्ल्याच्या स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनात होडीनं पर्यटकांना फिरवतात हे आम्ही ऐकून होतो. मग आपणही पाण्यातलं काहीतरी करावं, असं परतीच्या गाडीत बोलणं निघालं. बोलणं गाडीत निघालं की ते गावात पोचेपर्यंत मोठं होतं, तुम्हाला माहीत आहेच.

मोठं इतकं झालं, की दोन महिन्यांत एक माणूस दारात आला. नाव सांगत नाही. म्हणाला, ताई, दहा टाक्या बसवा, तीन लाखांचा प्रकल्प, बायकांना सरकारचं साठ टक्के अनुदान, पिल्लं आम्ही देऊ, वाढवून झाली की आम्हीच परत घेऊ. कागदपत्रांसाठी तेवढे तीस हजार आधी द्या. मोबाइलवर त्यानं फोटो दाखवले. रंगीत पोवळं, समुद्री घोडे, काय विचारू नका. आमच्यातल्या एकीनं त्याच रात्री पाटल्या मोडायची तयारी केली. तिच्या नवऱ्याचं उसाचं बिल अडकलं होतं आणि पोरगी बारावीला होती. तिला नाही म्हणणं सोपं नव्हतं.

आम्ही एवढंच केलं, की मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारलं. योजना खरी निघाली. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना, २०२० साली सुरू झालेली. परसात शोभिवंत मासे वाढवायचा छोटा प्रकल्प तीन लाखांचा धरत होते, आणि महिलांना साठ टक्के अनुदान, हेही खरं. पण पिल्लं परत घेण्याची हमी त्या योजनेत कुठंच नव्हती. ती त्या माणसाची तोंडची हमी. लिहून द्या म्हटल्यावर तो पुन्हा आला नाही. शिवाय पोवळं आणि समुद्री घोडे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत, २००१ पासून. वाघाला जो कायदा, तोच पोवळ्याला. आपल्या किनाऱ्यावरून पोवळ्याचे जिवंत दगड उचलून आणून कोणी विकत असेल तर घेणाऱ्यालाही तुरुंग आहे. हे लक्षात ठेवा, कारण दुकानात ते 'लाइव्ह रॉक' म्हणून सहज पुढं करतात.

मग गटाच्या बैठकीत दोन तास भांडण झालं. पाटल्या मोडायला निघालेली म्हणाली, "तुम्हाला भ्या वाटतंय म्हणून माझी वाट का अडवताय?" शेवटी ठरलं ते असं: कर्ज नाही, पाटल्या नाहीत. चटणीच्या नफ्यातले वीस हजार काढायचे, एकच टाकी बसवायची आणि वर्षभर मासे जगवून दाखवायचे. जगले तर पुढचं बोलू. ती रागानं उठून गेली. तो राग बरेच दिवस टिकला.

आता टाकीचं सांगतो.

सगळ्या पहिला प्रश्न हाच विचारतात, की समुद्र इतका लांब, मग खारं पाणी आणलं कुठनं? आणलं नाही, केलं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम असतात, म्हणजे भाजीचे दोन मोठे चमचे भरून. पण ते नुसतं मीठ नसतं. आपलं खडे मीठ आगरात पिकतं तेव्हा मीठ आधी खाली बसतं आणि मॅग्नेशियमसारखे बाकीचे क्षार उरलेल्या पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून घरच्या मिठाचं पाणी खारट लागलं तरी ते समुद्राचं पाणी होत नाही. आयोडीनच्या पुडीतलं तर नाहीच. दुकानात 'मरीन सॉल्ट' मिळतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडा सगळं मापात असतं. ते घ्यावं लागतं. आम्हाला किलोला अडीचशेच्या आसपास पडलं.

पाणी कुठलं, हा त्याहून मोठा प्रश्न. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस चौदाशे. त्या पाण्यात आधीच इतके क्षार, की वरून मीठ घातलं तर हिशेबच लागत नाही, आणि खतांचा अंश असला तर टाकी शेवाळानं भरते. म्हणून गावातल्या पाण्याच्या एटीएमवरनं आरओचे जार आणले. ते पाणी एक दिवस बादलीत हवा सोडून ठेवायचं, मग त्यात मीठ घालून रात्रभर फिरवायचं आणि सकाळी मोजायचं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाची भिंगाची नळी येते, द्राक्षबागायतदार साखर बघायला वापरतात तशी. मात्र मिठाची वेगळी, साखरेची वेगळी, दुकानात सांगून घ्या. आकडा १.०२५ च्या जवळ आला पाहिजे. मासे असलेल्या टाकीत थेट मीठ कधीही टाकायचं नाही.

टाकी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर ११० लिटर. वरची दोन बोटं सोडून आणि दगड जाऊन आत नव्वद लिटर पाणी बसतं. पहिल्यांदा करणाऱ्या म्हणतात, लहान घेऊ, स्वस्त पडेल. नका घेऊ. पातेल्यातलं दूध लगेच उतू जातं आणि हंड्यातलं तापायला वेळ लागतो, तसंच आहे हे. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं आणि आपल्याला सावरायला वेळ मिळत नाही. तळाला बारीक पांढरी शंखाची वाळू, त्यावर सुके सच्छिद्र दगड आठ किलो, पाणी हलतं ठेवणारा एक पंखा म्हणजे वेव्हमेकर, पाठीमागं टांगायचा फिल्टर. सगळं धरून सतरा हजार नऊशे रुपये झाले. त्यात साडेचार हजार टाकी आणि लोखंडी स्टँडचे, आणि पाणी तपासायच्या रंगाच्या बाटल्यांचे तब्बल अठ्ठावीसशे. त्या बाटल्यांवरून खजिनदारबाई आम्हाला फार बोलल्या. नंतर त्यांनीच त्या बाटल्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या.

एक गोष्ट घाईनं सांगून टाकतो, पण ती विसरू नका. खारं पाणी आणि वीज. पिनेचा बोर्ड टाकीच्या खाली, जमिनीवर ठेवायचा नाही. वायर टाकीवरून येते तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी ओघळलं तरी झोळावरून खाली पडेल, बोर्डात जाणार नाही. पाण्यात हात घालायच्या आधी बटण बंद. आणि हाताला तेल, साबण, बाम काही नको.

आता चुकीचं. ३ जानेवारी २०२४ ला टाकी भरली. पाणी दोन दिवसांत काचेसारखं स्वच्छ झालं. आम्हाला वाटलं, झालं तयार. ज्या दुकानातून सामान घेतलं त्यानं एक बाटली दिली होती. म्हणाला, ही ओता आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडा, काही होत नाही. संक्रांत १५ तारखेला. सचिवताईंच्या घरी हळदीकुंकवाला सगळी आळी येणार. आमचा जीव राहिला नाही. १३ तारखेला दोन क्लाउन आणून सोडले. हळदीकुंकवाला पन्नास बायका आल्या, वाणापेक्षा माशांचीच चर्चा. लहान पोरं काचेला नाकं लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी एक मासा वरच्या बाजूला येऊन धापा टाकायला लागला. १६ ला एक गेला, १७ ला दुसरा. अकराशे रुपये आणि दोन जीव. आळीत लगेच झालं, "गटाचं पैसं पाण्यात गेलं." शब्दशः गेलंच होतं की.

झालं काय होतं? बाटल्यांनी तपासलं तर अमोनियाचा रंग गडद हिरवा. मासा जे खातो त्यातून आणि त्याच्या श्वासातूनच अमोनिया पाण्यात येतो. आपल्याला गोठ्यात नाकाला झोंबतो तोच. समुद्राच्या पाण्याचा सामू जास्त, आठच्या वर, आणि सामू जास्त असला की अमोनिया अधिक जहरी होतो. हा अमोनिया खाणारे जंतू असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जंतू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी, थोडं थोडं पाणी बदलून काढून टाकता येतं. हे जंतू दगडाच्या छिद्रांत, वाळूत, फिल्टरमध्ये राहतात आणि ते यायला, वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधात विरजण लावून लगेच झाकण उघडलं तर दूधच दिसणार. आम्ही विरजण लागायच्या आतच घुसळायला बसलो होतो. आमच्या सासवांनी हे एका वाक्यात सांगितलं असतं, पण आम्हाला वाटलं हे काचेचं काम, शहरातलं, इथं आपलं शहाणपण काय चालणार.

१८ तारखेला बैठक झाली. सचिवताई रडत होत्या. त्यांनी स्वतःहून अकराशे रुपये पुढं ठेवले. ते घ्यायचे का यावर मत घेतलं, आणि नाही घेतले. मासे सोडायला आम्ही अकराही जणींनी हो म्हटलेलं वहीत लिहिलं होतं. इतिवृत्त लिहायचा आपल्याला कंटाळा येतो, पण त्या दिवशी ती ओळ नसती तर एकटीवर सगळं गेलं असतं.

मग रिकामी टाकी चालू ठेवली. मासे नाहीत, नुसतं पाणी फिरतंय. जंतूंना खायला मिळावं म्हणून कोळंबीचा नखाएवढा तुकडा पातळ फडक्यात बांधून सोडला. माळकरी खजिनदारबाई तेवढं सोडून सगळं करायच्या. त्या म्हणाल्या, "मत्स्यावतार म्हणून पाणी तपासीन, पण त्या तुकड्याला हात लावणार न्हाई." दर तिसऱ्या दिवशी त्या रंग बघून पंचांगाच्या मागं तारीख आणि आकडा लिहायच्या. अमोनिया चढला, मग उतरला. तो उतरला तेव्हा नायट्राइट चढला, जांभळा रंग काही केल्या जाईना. लोक येऊन विचारायचे, मासे कुठंत? पाणी का पाळलंय? पाणीच पाळलं होतं खरं म्हणजे. २६ फेब्रुवारीला, चाळिसाव्या दिवशी, दोन्ही शून्य आले. तुकडा केव्हाच विरघळला होता. एक तृतीयांश पाणी बदललं आणि मुंबईला फोन केला.

या वेळी आम्ही पैदास केंद्रात जन्मलेलेच मासे हवेत असं सांगून घेतले. समुद्रातून पकडलेले मासे स्वस्त मिळतात, पण ते पकडताना काही देशांत पाण्यात सायनाइड फवारतात, मासे गुंगतात, मग सहज हाताला येतात. असे मासे पुढं जगतही नाहीत नीट. क्लाउनची पैदास तर आपल्या देशात होते. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ते तंत्र बसवलेलं आहे. मग समुद्रातले कशाला? सचिवताईंचा भाऊ सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन आला आणि पहाटे कुर्डुवाडीला उतरला. पिशवी आधी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, म्हणजे दोन्हीकडचं पाणी सारखं गार-गरम होतं. मग मासे पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घेतले आणि सलाईनच्या नव्या नळीनं टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडलं, तासभर. मग मासे तेवढे उचलून टाकीत, पिशवीतलं पाणी बाहेर. सलाईनच्या नळीची युक्ती आशाताईंची. गावातल्या आशा कार्यकर्ती आमच्याच गटात आहेत.

या माशाचं एक गंमतीचं सांगायलाच हवं. क्लाउनची सगळी पिल्लं जन्मतः नर असतात. दोन एकत्र ठेवली की त्यातला जो मोठा आणि दांडगा, तो मादी होतो आणि घर तिच्या हुकमात चालतं. मादी मेली तर तिचा नवराच पुढं मादी होतो. अंडी घातली की ती राखायची, पंखांनी वारा घालायचं, खराब अंडं काढून टाकायचं, हे सगळं नराकडं. हे ऐकल्यावर बैठकीत पाच मिनिटं कामकाज बंद पडलं. काय काय बोलणं झालं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

मग आला मे महिना. त्या वर्षीचा उन्हाळा तुमच्याही लक्षात असेल. उजनी वजा साठ्यात गेलं होतं आणि आमच्या गावात टँकर होता. बाहेर ४३ अंश. या माशांना २५ ते २८ अंश बरं, तीसच्या वर गेलं की अवघड. कारण पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मुरतो. आम्ही टाकी भिंतीपासून दूर आतल्या बाजूला घेतली, दिवा दिवसाचा बंद केला आणि पाण्याच्या पृष्ठावर छोटा पंखा लावला. वारा लागला की पाणी उडतं आणि उडताना टाकी गार करतं, माठासारखं. दोन-तीन अंश नक्की उतरतात. पण पाणी उडतं तेव्हा मीठ उडत नाही. आमटी आटली की खारट होते, मग आपण त्यात मीठ घालतो का? पाणीच घालतो. टाकीतही आटलेल्या पाण्याच्या जागी नुसतं आरओचं गोडं पाणी घालायचं, रोज, काचेवर आखलेल्या रेघेपर्यंत. आम्हाला एका नातेवाइकानं उलटं सांगितलं होतं, की खाऱ्या टाकीत खारंच घाला. ऐकलं असतं तर महिन्याभरात आत लोणचं झालं असतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री वळवाचं वादळ झालं आणि साडेनऊला लाइट गेली. डीपीवर झाड पडलं होतं. सेलवरचा हवेचा पंप लावला, तो साडेअकराला थांबला. सेल जुने. पाणी ३१ अंशांवर आणि हलत नाही. दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. सचिवताईंनी शेजारच्या दोघींना उठवलं. मग तांब्या घेऊन बसल्या. टाकीतलं पाणी तांब्यात घ्यायचं आणि वीतभर वरून परत टाकीत सोडायचं, म्हणजे पाण्याबरोबर हवा आत जाते. बर्फाच्या बाटल्या झाकण घट्ट लावून तरंगत ठेवल्या, एकावेळी एकच, कारण एकदम गार केलं तरी मासा दगावतो. पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावल्या. एक वाजता दारात चौथी आली. पाटल्यावाली. जानेवारीपासून ती बैठकीला येऊन गप्प बसायची आणि सही करून जायची. काही न बोलता तिनं तांब्या घेतला आणि दोन वाजता लाइट येईपर्यंत तो खाली ठेवला नाही. सकाळी दोन्ही मासे दगडामागं होते, जिवंत.

त्याच आठवड्यात टँकरवर एक मावशी आम्हाला सगळ्यांदेखत बोलल्या. "माणसं घागरीसाठी उन्हात उभी, अन् तुमच्या माशाला आरओचं पाणी व्हय?" याचं आम्हाला उत्तर देता आलं नाही. राग आला नाही असं नाही, पण त्या खोटं काय बोलल्या? घरी येऊन हिशेब केला. आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायला आणि दिवसाला दीड लिटर उडतं ते, मिळून वीस लिटर. एक जार, दहा रुपये. शिवाय आरओच्या मशीनमधून जितकं चांगलं पाणी निघतं जवळपास तितकंच वाया जातं, ते वेगळं. आकडा लहान आहे. पण टँकरच्या गावात लहान आकड्यालाही डोळे असतात. आम्ही दोन गोष्टी केल्या. उन्हाळाभर मासे दिवसातून एकदाच, चिमटीभर खाऊ देऊन ठेवले, म्हणजे घाण कमी, मग पाणी तीन आठवड्यांनी बदललं तरी चाललं. आणि पाऊस पडेपर्यंत दुसऱ्या टाकीचं नाव काढायचं नाही असं वहीत लिहिलं. त्या मावशींना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." तेवढंच.

काढलेलं खारं पाणी कुठं टाकता, हे कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं. आपल्याकडं उसाच्या जमिनी आधीच खारवट चालल्यात. ते पाणी परसात, झाडाला, गटारीत नको. आम्ही गच्चीवर जाड प्लॅस्टिक पसरून कडेला विटा लावतो आणि त्यात ओततो. उन्हाळ्यात दोन दिवसांत पाणी उडून पांढरा थर राहतो, दहा लिटरमागं साडेतीनशे ग्रॅम. तो खरवडून डब्यात भरतो. पुन्हा टाकीला चालत नाही, जेवणाला तर नाहीच, म्हणून फरशीच्या फटीतलं गवत मारायला वापरतो. पावसाळ्यात मात्र पंचाईत होते. तेव्हा पाणी झाकणाच्या ड्रममध्ये साठवून ऊन पडायची वाट बघतो.

गेल्या संक्रांतीला आम्ही टाकीत एक सुगड ठेवलं. रंग नसलेलं, उकळून घेतलेलं, आडवं. माशांना आडोसा म्हणून. दिवाळीच्या सुमारास त्याच्या तोंडाशी नारिंगी दाणे चिकटलेले दिसले. आम्हाला वाटलं बुरशी. नर मात्र तिथून हलेना, बोट नेलं तर बोटाला चावायला येई. अंडी होती ती. सातव्या दिवशी दाण्यांत चंदेरी डोळे दिसायला लागले आणि आठव्या रात्री दिवा मालवल्यावर पिल्लं बाहेर आली, डासाच्या अळ्यांपेक्षा बारीक. तिसऱ्या दिवसापर्यंत एकही उरलं नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून रोटिफर नावाचा डोळ्यांना न दिसणारा जीव खायला लागतो, त्या रोटिफरला हिरवं शेवाळाचं पाणी लागतं आणि ते सगळं आधीपासून वेगळं वाढवून ठेवावं लागतं. म्हणजे एका माशामागं आधी दोन पिकं घ्यायची. दहा टाक्या आणि तीन लाख म्हणणाऱ्या त्या माणसानं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्याला तरी माहीत होतं का, शंकाच आहे.

पैशाचं विचाराल तर आजपर्यंत चोवीस हजार गेलेत. मासे विकून एक रुपया आलेला नाही. आलं ते वेगळ्याच वाटेनं. कुर्डुवाडीतल्या एका दातांच्या दवाखान्यात अशीच टाकी होती, डॉक्टरांना सांभाळायला वेळ नव्हता, पाणी हिरवं झालं होतं. त्यांची टाकी नीट करून द्यायचे चार हजार मिळाले आणि आता दर महिन्याला बाराशे मिळतात. पंधरा दिवसांनी दोघी जातात, एक सचिवताई आणि दुसरी पाटल्यावाली. एसटीचं भाडं जाऊन हजार उरतात, त्यातले दोनशे गटाला. आणखी एका हॉटेलवाल्यानं विचारलंय, पण त्याला टाकीत समुद्री घोडा हवाय. त्याला नाही म्हणून सांगितलं, आणि का तेही सांगितलं. तुम्ही आमच्यासारखं करावं का? तुमच्याकडं शिल्लक असेल, वर्षभर परताव्याची घाई नसेल, तर एक टाकी करा. कर्ज काढून करू नका. कमाईच बघायची असेल तर गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली आपल्या बोअरच्या जड पाण्यातही वाढतात, त्यांची पिल्लं जन्मल्याजन्मल्या पोहतात आणि बारीक कुटलेलं खातात. आमच्यातल्या दोघींनी सिमेंटच्या टाकीत तेच सुरू केलंय. त्याबद्दल पुन्हा कधीतरी सांगू.

टाकी बघायला यायचं असेल तर शनिवारी दुपारी या. शनिवारी आम्ही पाणी तपासतो, तुम्हालाही रंग बघता येईल. बाटल्यांच्या कपाटाची किल्ली खजिनदारबाईंकडं असते, म्हणून एकादशी सोडून या. त्या दिवशी त्या पंढरपूरला असतात.